पन्नासची रेघ

२६ फेब्रुवारी

परत तीच रेघ! सकाळपासून दुपारपर्यंत. आधी पन्नासची, मग शंभरची, मग दीडशेची — कोंबडीमागे पिल्लं धावावीत तशी तिची पिलावळ पडद्यावर वरपर्यंत चढलेली. तिच्याखाली आकाश काय बोललं ते आकाशालाच ठाऊक.

या रेघेला भिऊन तर इथे येऊन राहिले. शहरात सगळीकडे विजेच्या तारा, आणि तारांची ती सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची गुणगुण. तिथे माझं यंत्र दुसरं काही ऐकूच शकत नाही. इथे तार नाही, रस्ता नाही, उन्हाळ्यात दलदल आणि हिवाळ्यात बर्फ. झाडांना टांगलेली तांब्याच्या तारेची दोन मोठी वेटोळी, बॅटऱ्या, एक चूल आणि मी. एवढ्या अफाट रानात तीन किलोमीटरवर एकच शेजारी — आणि त्याच्याकडे डिझेल जनरेटर! माझं नशीबच असलं.

उद्या जाऊन चार शब्द सुनावणार आहे.

२७ फेब्रुवारी

गेले. सुनावायचे चारही शब्द कॉफीबरोबर पोटात गेले. याल्मारीनं दार उघडलं आणि काही विचारायच्या आत कपाच्या तळाशी चीजचे तुकडे टाकून वर कढत कॉफी ओतली. भांडायला आलेल्या बाईचा एवढा पाहुणचार झाल्यावर ती काय भांडणार?

एक्याऐंशी वर्षांचा आहे. रेनडियर होते, ते विकले. बायको वारली. मुलगी सिनिक्का औलूला नर्स आहे, ती दर महिन्याला येते आणि दर महिन्याला 'बाबा, शहरात चला' म्हणते. पालथ्या घड्यावर पाणी. स्वतः मात्र बशीत कॉफी ओतून, दातात साखरेचा खडा धरून, फुर्रफुर्र करत पितो. नाकाला नळी.

"फुप्फुसं झिजली," म्हणाला. "बूट झिजतात तशी."

कोपऱ्यात एक पेटी घरघरत असते. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन गाळून नळीत सोडते. जनरेटर तिच्यासाठी. "आणि स्कीच्या शर्यतींसाठी," त्यानंच कबुली दिली. टीव्ही छप्पर उडेल एवढा मोठ्यानं लावलेला.

म्हटलं, "दिवसातून दोन तास तरी बंद ठेवा ना."

"आणि दोन तास मी काय करू? श्वास रोखू?"

"सिलिंडर आहे की तुमच्याकडे."

"तो आहे जनरेटर रुसला तर. तुझ्या चिमण्यांसाठी नव्हे."

चिमण्या म्हणजे माझं संशोधन! मागे कधीतरी त्याला सांगितलं होतं, पहाटेच्या लाटा आवाजात बदलल्या की चिवचिवाटासारख्या येतात. मग खिशातलं छोटं यंत्र काढून जुनी नोंद लावली आणि त्याच्या कानाला हेडफोन लावला. बराच वेळ ऐकत राहिला. बशीतली कॉफी गार झाली.

"कोण गं हे?"

"कोणी नाही. सूर्याकडून कण येतात, पृथ्वीच्या चुंबकात अडकतात, पीळ घेत इकडून तिकडे फिरतात. त्यांच्या फिरण्यातून या लाटा उठतात."

"आणि हे रोज सकाळी असतं? माझ्या डोक्यावर?"

"रोज. जनरेटर ते झाकून टाकतो."

"हं." परत ऐकलं. "बरं. आठ ते दहा. पण शर्यतीच्या दिवशी नाही."

१ मार्च

शब्दाला जागला. आठच्या ठोक्याला रेघ गेली — सुरीनं कापल्यासारखी. दहाला परत. मधले दोन तास माझे. किती दिवसांनी स्वच्छ ऐकलं! हात गारठून लाकूड झाले तरी उठवेना.

३ मार्च

तौनोशी फोनवर वाद. फोन करायचा तर टेकडीवर चढावं लागतं, रेंज तिथेच. म्हणजे प्रोफेसरसाहेब वेधशाळेत मोजे सुकवत बसून बोलणार आणि मी वाऱ्यात उभी राहून ऐकणार.

वाद जुनाच. वादळात आमच्या डोक्यावर, उत्तर आकाशात, लाखो अँपियरचा प्रवाह वाहतो. वेधशाळेतली चुंबकसुई त्यानं कलते. माझं म्हणणं, सुई कलण्याआधी लाटा बोलतात — आधी आवाज, मग प्रवाह. तसं असेल तर वादळाची वर्दी आधी मिळेल. तौनोचं म्हणणं नेमकं उलटं. "मेर्वी, तुझ्याकडे एक तरी अख्खं वादळ आहे का? सुरुवातीपासून शेवटपर्यंत, रेघेशिवाय?"

नाही. तीन हिवाळ्यांत एकही नाही. आणि हा शेवटचा. एप्रिलमध्ये झोपडीला कुलूप, मला कुठल्यातरी कॉलेजात पोरांना भिंग-आरसे शिकवणं.

४ मार्च

उणे एकतीस. आकाश गप्प. दाढ ठणकते.

६ मार्च

सूर्यावर मोठा स्फोट! तौनोचा आवाजही बदललेला होता. परवा संध्याकाळी वादळ पोचेल, रात्रभर चालेल, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धुमाकूळ. "हिवाळ्यातलं शेवटचं हे, मेर्वी. तुझा म्हातारा काय म्हणतो?"

"माझा म्हातारा कशाला? बघते."

७ मार्च

बघितलं. नको तेवढं बघितलं आणि नको तेवढं बोलले.

संध्याकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद ठेवा, म्हटलं. याल्मारीनं मान हलवली. "गार पडलं की हे जनावर उठत नाही. थंडीत डिझेलची खीर होते."

"रोज दोन तास पडतंच की गार."

"दोन तासांत कोमट राहतं. रात्रभरात मरतं."

मला ती सबब वाटली. सिलिंडर किती आहेत विचारलं. दोन. एक भरलेला, एक वापरातला. एक रात्र काढायला पुरतो, असं सिनिक्का म्हणते. मग अडचण काय? माझा आवाज चढला. तीन वर्षं, याल्मारी! तीन वर्षं मी या बर्फात बसले आणि एक रात्र मागतेय, फक्त एक! आणि मग तोंडातून गेलंच — "तुम्हाला टीव्ही बघायचाय, दुसरं काय!"

त्यानं बशी खाली ठेवली.

"शर्यती रविवारीच संपल्या, पोरी."

मी ओशाळले. बूट चढवायला लागले. तो उठून दारापर्यंत आला. एवढ्या चालण्यानंही धाप लागते त्याला. "उद्या सहाला बंद करतो. शब्द दिला म्हणजे दिला."

"मी परवा दहाला येते. स्टोव्हनं इंजिन तापवू, दोघं मिळून हँडल मारू."

"ये. चीज आहे अजून."

८ मार्च

सहा. रेघ गेली! दिला शब्द पाळला म्हाताऱ्यानं!

रान एवढं शांत कधी ऐकलं नव्हतं. दूर कुठे विजा होत असतील त्यांची चटचट, तेवढीच. बाहेर हिरवा पट्टा क्षितिजावरून वर सरकतोय. उणे छत्तीस. चुलीत भरपूर लाकूड घातलंय. आता लिहिणं बंद.

९ मार्च, सकाळ

आधी हे लिहायलाच हवं, मग कोसळेन.

मी बरोबर होते. लाटा आधी उठल्या. आधी सुसाट वाऱ्यासारखी खसखस, मग चिवचिवाट, एकात एक गुंतलेला, हजारो पाखरांचा — आणि माझ्याकडची छोटी चुंबकसुई त्यानंतर बऱ्याच वेळानं कलली. अख्खी रात्र, अथपासून इतिपर्यंत, एकही रेघ नाही.

पण ते काहीच नाही! सकाळी आठनंतर, चिवचिवाट ऐन भरात असताना, त्याच्याखाली शिडी उठली. शिडीच म्हणायला हवं — सारख्या अंतरावरच्या पायऱ्या, सगळ्या एकदम खालून वर चढतात आणि धाडकन कोसळतात. मग शांत. मग परत. चार वेळा. पहिली सगळ्यात उंच, चौथी अगदीच तोकडी. कानाला ते कुणीतरी बोलू बघावं आणि घशात अडकावं तसं लागतं. असलं कुणी ऐकलेलं नाही, कुठे छापलेलं नाही. मी एकटी झोपडीत टाळ्या वाजवल्या! चौथीनंतर अजून एक येईल म्हणून किती वेळ कान लावून बसले. आली नाही.

बॅटऱ्या तपासल्या, तारा तपासल्या, सगळं ठीक. आता टेकडीवर जाऊन तौनोला कळवते. मग याल्मारीकडे. त्यालाच पहिल्यांदा ऐकवायला हवी खरं तर.

९ मार्च

याल्मारी गेला.

१० मार्च

काल तेवढंच लिहिलं. बाकीचं आज.

टेकडीवर तौनोशी तासभर बोलले. तो परत परत सांगायला लावत होता, किती पायऱ्या, किती अंतर, किती वर. मग झोपडीत येऊन त्याला हवे होते ते आकडे काढले आणि परत टेकडीवर. दहाला जायचं होतं. तीन वाजले.

धुराड्यातून धूर नव्हता. तेव्हाच समजायला हवं होतं, तरी मी दार वाजवून "चीज उरलंय का?" असं ओरडले. आत बाहेरच्याइतकीच थंडी. तो पलंगावर, पांघरूण छातीपर्यंत, पायात बूट. नळी नाकालाच होती. दोन्ही सिलिंडरचे काटे शून्यावर.

पुढचं नीट आठवत नाही. टेकडीवर परत कशी पोचले तेही नाही.

११ मार्च

ठाण्याचा पोलीस आणि दवाखान्याचा डॉक्टर बर्फगाडीवरून येऊन गेले. दोघेही दयाळू. मला दया नको होती, पण ती कोणी विचारून देत नाही.

मी सगळं सांगितलं. मी बंद करायला लावलं, मी दहाला येते म्हणाले, मी तीनला गेले. पोलिसानं लिहून घेतलं. म्हणाला, "सिलिंडर संपले, झोपेत गेला. म्हातारी माणसं, बाई." बुटांचं विचारलं तर म्हणाला, थंडी वाजत असेल, घालून झोपला असेल.

डॉक्टर गाडीत बसता बसता परत आला. माझा चेहरा बघून आला असणार. "ऐका. चूल रात्रीच विझलेली होती. माझ्या हिशेबानं तो मध्यरात्रीच्या सुमारासच गेला. त्याला कळलंही नसेल. तुम्ही दहाला गेला असतात तरी उशीरच झाला असता."

तरी उशीरच झाला असता. हे वाक्य औषधासारखं घेतेय. सकाळी एकदा, दुपारी एकदा.

१२ मार्च

तरी उशीरच झाला असता.

१४ मार्च

तौनो झोपडीवर आला. सोबत ब्रेड आणि माशाचं सार, त्याच्या बायकोनं दिलेलं. मला जेवायला लावलं आणि मग मागितली. नोंद. दिली. हेडफोन लावून बसला, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा होत गेला. मला त्याचा राग आला. मग कळलं, त्या सकाळी माझाही असाच झाला असणार.

"लाटा आधी उठल्या. तू जिंकलीस, मेर्वी."

जिंकलेच. आता त्या बरोबर असण्याचं काय लोणचं घालू?

"पण ही शिडी! ही तर... यापुढे तुझी-माझी भांडणं म्हणजे पोरखेळ. जगभरात वाजेल ही." मग म्हणाला, "तिला नाव द्यावं लागेल. मी म्हणतो, याल्मारीची शिडी. त्यानं ती शांतता दिली नसती तर ती ऐकूच आली नसती. तेवढं तरी आपण करू शकतो."

मी रडले. तेव्हापासून पहिल्यांदा. हो म्हणाले.

१६ मार्च

अंत्यसंस्कार. नंतर गावच्या सभागृहात कॉफी. माणसं थोडीच, सगळी भिंतीला धरून बसलेली. मी दाराजवळ उभी होते, पळता यावं म्हणून.

सिनिक्का सरळ माझ्याकडे आली. बापाचेच डोळे. "तुमच्यासाठी बंद केलं म्हणे."

"हो."

"मी नर्स आहे. मला कोणीतरी आधी विचारायचं होतं. वापरातला सिलिंडर जवळपास रिकामा होता, मी याच रविवारी नवा आणणार होते."

तिनं मला मारलं असतं तरी चाललं असतं. पण ती खाली बसली, एकदम दमल्यासारखी. "डॉक्टर म्हणाले, झोपेत गेले. गुदमरले नाहीत. तुम्ही पाहिलंत ना? चेहरा शांत होता?"

"शांत होता."

खोटं नाही ते. शांत होता.

"मला सारखी भीती वाटायची, ते एकटे असताना श्वास अडकेल, हाक मारतील आणि ऐकायला कोणी नसेल. म्हणून मी शहरात चला, शहरात चला करायची. तसं तरी नाही झालं." तिनं माझा हात धरला. तिनं! मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग तौनो आला आणि त्यानं नावाचं सांगितलं. जगातल्या पुस्तकांत वडिलांचं नाव जाईल, म्हणाला. ती हसली, आणि हसता हसता तोंडावर रुमाल धरला. "बाबांचं? ज्यांना स्वतःच्या नावाची सही करायचा कंटाळा?" आजूबाजूच्या दोन म्हाताऱ्याही हसल्या. सभागृहात पहिल्यांदा जरा ऊब आली.

"मला ऐकायचीय ती," निघताना म्हणाली. "घर आवरायला येईन तेव्हा तुमच्याकडे येते."

१७ मार्च

झोप लागली. पाच तास सलग.

१९ मार्च

तौनोनं मसुदा पाठवलाय. पहिल्या पानावर नाव आहे — 'याल्मारीची शिडी'. खाली आभाराची एक ओळ, 'ज्याने आपला दिवा मालवला म्हणून आम्हाला ऐकू आलं त्याला'. तौनोला असलं लिहिता येतं हे माहीत नव्हतं. मी दोन चुका दुरुस्त केल्या आणि ती ओळ तशीच ठेवली.

रान शांत आहे. चोवीस तास शांत. आता कुणाला आठ ते दहा मागावे लागत नाहीत. रोजची नोंद इतकी स्वच्छ येते की बघवत नाही. मी यंत्र बंद करून ठेवते.

२० मार्च

सिनिक्का उद्या येतेय. झोपडी झाडली. आवाज जरा साफ करून ठेवला, वरचा चिवचिवाट गाळून, नुसती शिडी. म्हणजे तिला नीट ऐकू येईल. चीज आणलंय. याल्मारीसारखी कॉफी करणार आहे, जमेल तशी.

तिला काहीतरी चांगलं देतेय, असं वाटतंय.

२१ मार्च

सिनिक्का आली. कॉफी घेतली. हेडफोन लावून दिला. "नऊ तारखेची, सकाळी आठनंतरची," म्हटलं.

पहिली ऐकली. दुसरी. तिसरीला तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"हा आमचा जनरेटर आहे. बाबा हँडल मारतायत."

चौथी तिनं ऐकली नाही.